रंग दिलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला दर पावसाळ्यात त्याच जागी फोड येतात: कारण शोधणं आणि कायमचा इलाज

गाडी उघडी केली, गंज घासला, पुट्टी भरली, प्रायमर आणि रंग मारला. दिवाळी ते होळी गाडी झकास दिसते. मृगाचा पाऊस लागतो आणि पोळ्याच्या आसपास दाराखाली, पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात, डिकीच्या काठाला ज्वारीच्या दाण्याएवढे फोड दिसू लागतात. तो भाग घासून पुन्हा रंगवला तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच, पण दुप्पट जागेत.

अशा वेळी आधी पेंटरला आणि मग रंगाच्या डब्याला दोष दिला जातो. रंग क्वचितच खराब असतो. फोड कुठून आला हे न बघता तो वरून झाकला जातो, तिथेच सगळं बिघडतं. मुळं चारच आहेत: पत्र्याच्या आतल्या बाजूने पोखरत आलेला गंज, खड्ड्यांत शिल्लक राहिलेला गंज, रंगाखाली अडकलेले क्षार, आणि रंग मारताना पत्र्यावर असलेला ओलावा. चारही फोड बाहेरून सारखेच दिसतात. इलाज मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

खालची उदाहरणं एमजीबी रोडस्टर या दोन सीटांच्या, कापडी छताच्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची आहेत. ही गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली. तिला वेगळी चेसीस नाही, बॉडीच सगळा भार पेलते, म्हणून तिच्यात गंज हा फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही. फियाट 1100 आणि पद्मिनीलाही हेच लागू. स्टँडर्ड हेराल्डला चेसीस वेगळी असल्याने थोडी सवलत मिळते, पण फोडांची कारणं तीच.

आधी फोड कापून बघा

रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी धारदार ब्लेडने एका फोडाचं टोपण कापा आणि टॉर्च व भिंग घेऊन नीट बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

टोपणाखाली पाण्याचा थेंब आणि त्याखाली जवळजवळ स्वच्छ पत्रा दिसला, तर क्षार किंवा ओलावा. अशा फोडांची रांग बऱ्याचदा बोटांच्या ठशांसारखी किंवा पाण्याच्या ओघळासारखी असते.

काळपट खड्डे आणि त्यांच्या तळाशी तपकिरी पूड दिसली, तर घासताना गंज खड्ड्यात राहिला. हा फोड साधारण पुट्टीच्या कडेला येतो.

पत्रा आतल्या बाजूने बाहेर फुगलाय, टोचणीने दाबला की टोक आत जातं, तर गंज मागून आलाय. इथे वरून काहीही करून उपयोग नाही. पत्रा कापावाच लागेल.

दोन पत्रे जिथे एकावर एक वेल्ड केलेत त्या जोडालगत सरळ रेषेत फोड असतील, तर गंज जोडाच्या आत आहे. गंजलेल्या लोखंडाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो जोड आतून उचकटत जातो.

सगळ्या फोडांचा नकाशा काढा. गाडीच्या बाजूचं चित्र कागदावर काढून खुणा केल्या तरी पुरे. सगळे फोड जमिनीपासून एक फुटाच्या आत असतील तर पोकळ भाग तपासा. बॉनेटवर, दाराच्या मध्यावर, कुठेही विखुरलेले असतील तर क्षार आणि दव यांच्या मागे लागा.

मागून येणारा गंज

फोड पुन्हा येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे वेळ घाला.

एमजीबीच्या पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत एक आडवी पत्र्याची भिंत असते आणि तिच्या कडेला रबर. रबर कडक झालं की चिखल भिंतीच्या मागे जातो आणि तिथेच बसून राहतो. इथली, म्हणजे नागपूरची, काळी माती ओल धरून ठेवते. वरून रस्ता कोरडा झाला तरी त्या कप्प्यातला गोळा पुढे कित्येक दिवस ओलाच असतो. मडगार्डचा खालचा कोपरा आणि सिलचं (दाराखालच्या पोकळ कप्प्याचं) पुढचं टोक तिथूनच जातं. चाक काढा, भिंतीचे स्क्रू काढा आणि माती खरवडून काढा. नुसतं पाणी मारलं तर गोळा आणखी आत ढकलला जातो.

दुसरी जागा पुढच्या काचेखालचा हवेचा कप्पा. त्यातलं पाणी एका रबरी नळीतून गिअरबॉक्सच्या बोगद्यातून खाली जातं. नळी पाल्याने तुंबली की पाणी पायाशी फरशीवर येतं. कार्पेट उचललं की पत्रा गेलेला, आणि मालक कापडी छताला गळती आहे असं समजून छताचं रबर बदलत बसतो. कप्प्यात एक लिटर पाणी ओतून ते गाडीखाली येतं का बघा. थेंबथेंब आलं तर नळी खालून तारेने साफ करा किंवा नवी घाला.

तिसरी जागा सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या. 1974 पर्यंतच्या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसायच्या. सांडलेल्या आम्लाने पेट्यांचा तळ खाल्लेला असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आधी आम्ल मारा, फेस यायचा थांबला की मगच घासा.

आणि मुख्य जागा सिल, म्हणजे दाराखालचा लांब पोकळ कप्पा. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाची खाचेरी पट्टी मिळून तो बनतो. रोडस्टरला पत्र्याचं पक्कं छप्पर नसल्यामुळे गाडीचं मधोमध वाकणं या कप्प्यानेच थांबतं. बाहेरच्या पत्र्याला फोड आला तर मधला पडदा त्याच्या आधीच गेलेला असतो, असं धरूनच चाला. सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून दिला जातो, वर पुट्टी मारली जाते. दिसायला छान, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी कायमचं कोंडलं जातं. ही पळवाट घेऊ नका.

सिल बदलताना क्रम महत्त्वाचा:

1. पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढा, बॅटरीच्या तारा सोडा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफा असतात.
2. दारं लावलेली असतानाच दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचा आडवा-तिरका आधार वेल्ड करा. गाडीचं वजन सस्पेन्शनच्या जागी स्टँडवर द्या. मध्ये जॅक लावून उचलू नका, बॉडी वाकते आणि वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते. मग दार कधीच नीट लागत नाही.
3. एका वेळी एकच बाजू कापा.
4. गंज दिसतो त्याच्या पुढे किमान 25 मिमी चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. मूळ पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा आणा. बाहेरच्या भागाला साधारण 20 गेज, भार पेलणाऱ्या आतल्या भागांना 18 गेज. नागपुरात इतवारीतल्या लोखंडाच्या दुकानांत सुटा पत्रा मिळतो. तेलकट आणि चकचकीत निवडा, बाहेर पडून पांढुरके डाग पडलेला घेऊ नका.
5. जे पत्रे एकमेकांवर बसणार त्यांच्या आतल्या बाजूला वेल्डिंग सहन करणारा झिंक प्रायमर. वरच्या पत्र्यात 6 ते 8 मिमीची भोकं दर 30 ते 40 मिमीवर पाडून त्यातून वेल्ड भरा.
6. मिग वेल्डिंगला 0.6 किंवा 0.8 मिमी तार. एका टोकापासून सलग ओढत नेलं की पत्रा तापून लाटा येतात. एक टाका इथे, दुसरा 100 मिमी दूर, हात लावता येईल इतका थंड झाला की मधला.

पुष्कळ डेंटर अजून गॅसवर पितळी टाका मारतात. टाका पक्का असतो, पण त्याचं फ्लक्स (टाका धरावा म्हणून लावतात ती पूड) पत्र्यावर काचेसारखं चिकटून राहतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. पहिल्याच पावसाळ्यात बरोबर टाक्याच्या रेषेवर रंग उचलतो. जुना पितळी टाका ठेवायचाच असेल तर गरम पाण्यात तारेच्या ब्रशने फ्लक्स पूर्ण निघेपर्यंत घासा, वाळवा, मग ग्राइंडर. कथलाने डाग देऊन जोडलेल्या जागी तर याहून जास्त काळजी घ्या, कारण तिथलं फ्लक्स बहुधा क्लोराइडचं असतं.

जुन्या वाहनांची ‘व्हीए’ मालिकेतली नोंदणी करायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी. चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. त्यामुळे नवा पत्रा मूळ आकाराचाच बसवा आणि कापण्याआधीचे, नंतरचे फोटो जपून ठेवा.

रंगाखालचे क्षार

गंज काढायला संडास साफ करायचं आम्ल वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी बचत आहे. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज झटकन जातो, पण क्लोराइड खड्ड्यांत आणि जोडांत शिरतं आणि कितीही धुतलं तरी थोडं राहतं. रंगातून हळूहळू आत झिरपणारी ओल हे क्षार स्वतःकडे ओढून घेतात आणि फोड तयार होतो. त्या आम्लाची वाफसुद्धा बंद गॅरेजमधल्या उघड्या पत्र्याला आणि हत्यारांना गंज आणते.

त्याऐवजी फॉस्फरिक आम्ल वापरा. 85 टक्क्यांचं 100 मिली आम्ल सव्वा लिटर पाण्यात, म्हणजे साधारण 10 टक्के. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. पत्रा 10 ते 15 मिनिटं ओला ठेवत नायलॉनच्या घासणीने घासा. मधे वाळू दिला तर पांढरट थर बसतो, तो पुन्हा त्याच द्रावणाने ओला करूनच निघतो. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि वर 80 नंबरचा पेपर मारा. आम्लाचा थर राहिलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर पकड घेत नाही, म्हणून हा पेपर टाळू नका.

ब्रॅकेट, बिजागऱ्या असे सुटे भाग सायट्रिक आम्लात बुडवा: एका लिटरला 50 ग्रॅम, 12 ते 24 तास. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट कुठल्याच आम्लात टाकू नका. पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि गाडी चालताना तुटतात.

धुण्याचं पाणी कुठलं, यावर फार थोडे लोक लक्ष देतात. बोअरचं पाणी वाळल्यावर बादलीच्या काठाला पांढरी रेघ राहत असेल, तर तेच पाणी पत्र्यावरही क्षार सोडतं. शेवटचं धुणं बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. एका सिलला दीड-दोन लिटर पुरतं.

मग घाम. एप्रिल-मेमध्ये गॅरेजात काम करताना उघड्या पत्र्याला तळहात लागला की मिठाचा ठसा उमटतो. तो दिसत नाही, पण ऑगस्टमध्ये फोडांच्या रूपात दिसतो. पत्रा उघडा झाला की नायट्राइलचे हातमोजे घाला. ते घालूनही घाम मनगटावरून ओघळतो, म्हणून मनगटाला पट्टी बांधा.

क्षार राहिलेत का हे घरी तपासता येतं. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून पोटॅशियम फेरिसायनाइड आणा, 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 5 ग्रॅम विरघळवा आणि गाळणकागद त्यात भिजवून वाळवा. घासलेल्या जागेवर डिस्टिल्ड पाण्याचा फवारा मारा, पाणी जवळजवळ सुकलं की कागद मिनिटभर दाबा. निळे ठिपके उमटले तर गंजाचे विरघळणारे क्षार खड्ड्यात अजून आहेत. पुन्हा धुवा, पुन्हा घासा. हा कागद आम्लाजवळ नेऊ नका.

खड्ड्यांतला गंज आणि पुट्टीचा क्रम

तारेचा ब्रश गंजाला चकाकी आणतो, काढत नाही. फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची घासकागदाची चकती) वरचा पत्रा पातळ करते आणि खड्ड्याचा तळ तसाच राहतो. खड्डे असतील तर ब्लास्टिंगच करा, म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कण मारून पत्रा साफ करणं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या भागात असं काम करणारे मिळतात, पण दोन गोष्टी आधी बोलून घ्या: साधी वाळू नको, गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि बॉनेट, दार असे मोठे सपाट पत्रे कमी दाबाने, तिरक्या कोनातून. जोराने सरळ मारलं तर पत्रा फुगतो आणि तो परत सरळ होत नाही. सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, ते ब्लास्टिंगला देऊच नका. चुंबक चिकटतो का, हे आधी बघा. ब्लास्ट केलेला पत्रा फार लवकर गंज पकडतो, म्हणून त्याच दिवशी प्रायमर.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर मारून त्याचा काळा घट्ट थर करणारं द्रावण, वाईट नाही, पण तो हलक्या, घट्ट बसलेल्या गंजासाठी आहे. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर मारला तर वरचा थर काळा होतो आणि खाली काम चालूच राहतं. स्वच्छ पत्र्यावर मारायची तर गरजच नाही.

थरांचा क्रम असा ठेवा: स्वच्छ पत्रा, दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, जोडांवर पॉलियुरेथेन सीलर, त्यावर पुट्टी, पुन्हा इपॉक्सी, मग सरफेसर (रंगाआधी मारून घासून सपाट करायचा थर) आणि रंग. इथे सर्रास उलट होतं: उघड्या पत्र्यावर पुट्टी. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. तिला ओल्या वॉटर पेपरने घासलं की ते पाणी थेट पत्र्यापर्यंत पोचतं. पुट्टी कोरडीच घासा, 80 मग 180 नंबर. जाडी 3 मिमीच्या वर जात असेल तर पत्रा ठोकून सरळ करायचं काम अपुरं आहे.

पुट्टीला हार्डनर वजनाने 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 2 ग्रॅम. मे महिन्यात ती हातातच घट्ट होते म्हणून लोक हार्डनर कमी करतात आणि आतली पुट्टी कच्ची राहते. प्रमाण बदलू नका. पन्नास पन्नास ग्रॅमच मिसळा आणि सकाळी सातच्या आत लावा.

सरफेसर मारून गाडी महिनोन्महिने तशीच ठेवणं हेही नेहमीचं. सरफेसर सच्छिद्र असतो, हवेतली ओल त्यातून खाली जाते. काम मधेच थांबवायचं असेल तर इपॉक्सीवर थांबा. रेड ऑक्साइड (साधा लाल प्रायमर) मारून ठेवणंही तितकंच कमकुवत. इपॉक्सीवर पुढचा हात किती तासांत मारायचा ते डब्यासोबतच्या पत्रकात असतं. ती वेळ टळली तर 320 नंबरने घासून मगच पुढे जा.

जोडात बाथरूमचं सिलिकॉन भरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि जोडाच्या आतच गंज सुरू होतो. शिवाय त्याच्या आसपास रंगाला डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

वरचा रंग दोन घटकांचा असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. घरी इपॉक्सीपर्यंतचं काम करा आणि शेवटचा रंग रंगकामाच्या बंद बूथमध्ये मारून घ्या.

नागपूरचं हवामान आणि पत्र्यावरचं दव

प्रायमर मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त हवं. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणि इन्फ्रारेड थर्मामीटर एवढ्यावर हे कळतं.

ऑगस्टमध्ये हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली तर दवबिंदू 26 च्या थोडा वर येतो. पत्रा 29 च्या वर हवा, म्हणजे हवेपेक्षाही गरम. सावलीतल्या गॅरेजात ते होत नाही. पावसाळ्यात प्रायमर नाहीच.

हिवाळा बिनधोक वाटतो, पण डिसेंबरची सकाळ फसवते. रात्रभर पत्रा 12 अंशांवर गेलेला असतो. दहा वाजता शटर उघडलं, बाहेरची हवा 22 अंश आणि 55 टक्के. तिचा दवबिंदू साडेबारा. ती हवा आत आली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि नेमका त्यावर प्रायमर मारला जातो. शटर उघडून पत्रा हवेइतका गरम होऊ द्या. दुपारी बारा ते चार ही खरी वेळ.

मे महिन्यात हवा कोरडी, पण पारा 45 च्या वर. थिनर वाटेतच उडतो आणि प्रायमर पत्र्यावर भुकटीसारखा पडतो. त्याच्या फटींतून पुढे पाणी जातं. हळू उडणारं थिनर घ्या आणि पहाटे काम करा. गॅरेजात कूलर लावून मात्र प्रायमर मारू नका. कूलर खोलीत पाणीच सोडत असतो, उघड्या पत्र्याला भर उन्हाळ्यात गंज चढतो तो त्यामुळेच. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा.

सगळं बघता पत्र्याचं आणि प्रायमरचं काम मध्य ऑक्टोबर ते मध्य मार्च या काळातच बसवावं.

पोकळ भागांत मेण

रंग पक्का झाला की सिल, दारं आणि मडगार्डच्या आत पोकळ भागांसाठीचं मेण. लांब नळीला सगळीकडे फवारणारी टोटी लावून नळी आतपर्यंत ढकला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. खालच्या भोकांतून मेण ठिबकलं की समजा आत पोचलं. ते थांबलं की तीच भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर पाण्याचा रस्ता बंद होतो. जुनं इंजिन ऑइल ओतायची पद्धत सोडून द्या. ते इथल्या उन्हाळ्यात पातळ होऊन गळून जातं आणि दाराची रबरं फुगवतं. मेणही वाळून पापुद्रा धरणाऱ्या जातीचं घ्या, दर दोन वर्षांनी मार्चमध्ये पुन्हा फवारा.

मे अखेरीस दाराच्या काचेच्या फटीतून एक लिटर पाणी ओता. ते दाराच्या तळातून मिनिटाभरात बाहेर यायला हवं.

भर पावसाळ्यात फोड दिसला तर

रंगवायला घेऊ नका. टोपण कापा, सुटा रंग आणि पूड खरवडा, डिस्टिल्ड पाण्याने पुसा, हेअर ड्रायरने दहा मिनिटं वाळवा आणि वर तेच मेण किंवा पेट्रोलियम जेली लावा. आठवड्याला एकदा बघा, निघालं असेल तर पुन्हा लावा. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतली वाफ बाहेर पडत नाही. सुती कव्हर आणि उघडी खिडकी चालेल. पत्रा कापायचा की नुसता घासायचा, ते फोडांच्या नकाशावरून ऑक्टोबरमध्ये ठरवा.